पोटाच्या नियोजित शस्त्रक्रियेनंतरची शुश्रूषा : पुण्यातील एका ‘ईआरएएस’ सेवेचे परीक्षण

पोटाची मोठी शस्त्रक्रिया आगाऊ तारीख ठरवून करायची असेल, तर अलीकडे काही रुग्णालये तिच्या जोडीला ‘ईआरएएस’ (एन्हान्स्ड रिकव्हरी आफ्टर सर्जरी) या नावाची शुश्रूषापद्धती देऊ करतात. रुग्णाला शस्त्रक्रियेच्या आधीपासून तयार करणे, शस्त्रक्रियेच्या काळात शरीरावर कमीत कमी ताण येऊ देणे आणि नंतर त्याला लवकर खाते-पिते, हिंडते-फिरते करणे, असा या पद्धतीचा गाभा आहे. माझ्या थोरल्या बंधूंच्या मोठ्या आतड्याच्या उजव्या भागात कर्करोगाची गाठ निघाली आणि ती दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेने काढण्याचे ठरले, तेव्हा पुण्यातील एका मध्यम आकाराच्या खासगी रुग्णालयात ही सेवा आम्ही घेतली. मी स्वतः शासकीय रुग्णालयाच्या सर्जिकल वॉर्डात परिचारिका म्हणून नोकरी करून निवृत्त झाले आहे. त्यामुळे रुग्णाची बहीण आणि जुनी सिस्टर अशा दोन्ही नजरांनी मला हे सारे पाहता आले. शल्यचिकित्सकांच्या हाताबद्दल येथे काही लिहायचे नाही, तो उत्तमच होता. परीक्षण आहे ते शस्त्रक्रियेच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या सेवेचे. रुग्णालयाचे नाव देण्याचे मी टाळले आहे, कारण अशी सेवा निवडताना नेमके काय पाहावे आणि काय विचारावे, हे वाचकांना कळावे एवढाच माझा हेतू आहे.

या पद्धतीचा उगम डेन्मार्कमधला आहे. कोपनहेगनजवळच्या व्हिडोव्हर रुग्णालयातील शल्यचिकित्सक हेन्रिक केलेट यांनी १९९० च्या दशकात एक साधा प्रश्न धरून ठेवला : शस्त्रक्रिया नीट पार पडलेली असतानाही रुग्ण इतके दिवस खाटेवर का राहतो? त्याला अडवणाऱ्या गोष्टी त्यांनी एकेक करून वेगळ्या काढल्या. दुखणे, मळमळ, मंदावलेली आतडी, नळ्या, उपाशी राहणे आणि पडून राहिल्याने आलेला अशक्तपणा, या साऱ्यांवर एकाच वेळी उपाय केले तर काय होते, हे त्यांनी तपासले. १९९९ साली त्यांनी मोठ्या आतड्याचा भाग काढलेल्या १६ रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. पोट उघडून केलेल्या या शस्त्रक्रियेनंतर रुग्णांचा रुग्णालयातील मुक्काम साधारण दोन दिवसांवर आला होता. ज्या काळात आमच्याकडे अशा रुग्णाला आठ-दहा दिवस सहज ठेवून घेत असत, त्या काळातली ही गोष्ट आहे. पुढे युरोपातील काही शल्यचिकित्सकांनी एकत्र येऊन या उपायांची शास्त्रशुद्ध मांडणी केली, २०१० मध्ये स्वीडनमध्ये त्यासाठी संस्था स्थापन झाली आणि तिची मार्गदर्शक तत्त्वे आज जगभर वापरली जातात. एकच मोठे औषध किंवा एकच यंत्र असे यात काही नाही; वीसेक लहान-लहान गोष्टी आहेत आणि त्या सगळ्या वेळच्या वेळी व्हाव्या लागतात. म्हणूनच या सेवेचा दर्जा माहितीपत्रकावरून कळत नाही, तो वॉर्डात उभे राहूनच कळतो.

आमच्या अनुभवातला सर्वात चांगला भाग शस्त्रक्रियेच्या आधीचा होता. तारीख ठरल्यानंतर रुग्णालयाने बंधूंना एका सकाळी बोलावून भूलतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट, आहारतज्ज्ञ आणि या कार्यक्रमाच्या समन्वयक सिस्टर अशा चौघांची गाठ घालून दिली. उजव्या बाजूच्या आतड्यातील गाठीतून हळूहळू रक्त जात राहते आणि रुग्णाला पंडुरोग होतो. बंधूंचेही हिमोग्लोबिन बरेच खाली आले होते. पूर्वी अशा वेळी शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी रक्ताची पिशवी चढवून आकडा वर आणत असत. येथे मात्र वेळ हाताशी असतानाच शिरेतून लोहाचे इंजेक्शन देण्यात आले आणि शस्त्रक्रियेपर्यंत हिमोग्लोबिन आपोआप वाढले. रक्त देण्याची गरजच पडली नाही. बंधूंना विडीचे व्यसन होते. शस्त्रक्रियेच्या निदान चार आठवडे आधी धूम्रपान सोडले, तर फुप्फुसांचे आणि जखमेचे त्रास कमी होतात, हे भूलतज्ज्ञांनी त्यांना दटावून नव्हे, तर शांतपणे समजावून सांगितले. घरच्यांनी वर्षानुवर्षे सांगून जे झाले नव्हते, ते तारखेच्या धाकाने झाले, आणि तो धाक नेमका केव्हा उपयोगी पडतो हे त्या डॉक्टरांना ठाऊक होते.

फिजिओथेरपिस्टबरोबरचा अर्धा तास तर मी कधी विसरणार नाही. त्या तरुण मुलीने बंधूंना तपासणीच्या खाटेवर झोपवले आणि एक उशी त्यांच्या हातात दिली. “काका, उशी पोटाशी घट्ट धरा, दोन्ही गुडघे दुमडा, एक खोल श्वास घ्या, आणि आता खोका,” असे सांगून तिने त्यांच्याकडून ते करवून घेतले. मग खाटेवरून उठण्याची रीत शिकवली : सरळ उठून बसायचे नाही, आधी गुडघे दुमडून कुशीवर वळायचे, पाय खाटेखाली सोडायचे आणि त्याच वेळी कोपरावर भार देऊन धड वर उचलायचे. अशाने पोटाच्या स्नायूंवर ओढ येत नाही. बंधूंनी गावी परत गेल्यावर रोज सकाळी याचा सराव केला. शस्त्रक्रियेनंतर भुलीच्या गुंगीत आणि दुखण्याच्या भरात कोणी नवे काही शिकवले तर ते डोक्यात शिरत नाही. आधी अंगवळणी पडलेली गोष्ट मात्र शरीर आपोआप करते. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधील ४४१ रुग्णांवर झालेला एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. पोटाच्या वरच्या भागातील शस्त्रक्रियेआधी फिजिओथेरपिस्टने अशी एकच अर्ध्या तासाची शिकवणी दिलेल्या गटात फुप्फुसांचे त्रास १२ टक्के रुग्णांना झाले, तर केवळ पुस्तिका दिलेल्या गटात २७ टक्के रुग्णांना. एवढ्या कमी खर्चात एवढा लाभ देणारी दुसरी गोष्ट मला माझ्या नोकरीच्या काळात क्वचितच दिसली. एखाद्या रुग्णालयाकडे ईआरएएसचे बाकी काही नसेल, तरी ही भेट त्याने ठेवावी.

मराठीतील पुस्तिका मोठ्या अक्षरांत, चित्रांसह आणि समजेल अशा भाषेत छापलेली होती, याबद्दल रुग्णालयाचे कौतुक केले पाहिजे. तिच्यातील आहाराचे पान मात्र दुसऱ्याच देशातील रुग्णांसाठी लिहिल्यासारखे होते. टोस्ट, जेली, योगर्ट आणि गाळलेले सूप अशी यादी पाहून माझी वहिनी गोंधळून गेली. सातारा जिल्ह्यातील एका शेतकरी घरात पेज, भाकरीचा पापुद्रा, मुगाची खिचडी, ताक आणि उकडलेली अंडी यांपैकी केव्हा काय द्यायचे, हे तिला कळायला हवे होते. आहारतज्ज्ञ बाईंनी तोंडी सांगितले म्हणून निभावले, पण छापील पानावर ते यायलाच हवे.

उपाशी राहण्याच्या बाबतीत जुन्या आणि नव्या पद्धतीत किती अंतर पडले आहे, ते मला विशेष जाणवले. ‘रात्री बारानंतर पाण्याचा थेंबही घ्यायचा नाही’ हा नियम आम्ही वर्षानुवर्षे पाळला आणि पाळायला लावला. पहिली शस्त्रक्रिया लांबली, तर दुसऱ्या क्रमांकाचा रुग्ण दुपारपर्यंत कोरड्या घशाने तळमळत असे. भूलशास्त्रातील मान्य नियमानुसार पाण्यासारखे नितळ पेय भुलीच्या दोन तास आधीपर्यंत आणि हलका आहार सहा तास आधीपर्यंत चालतो. पोट ज्यांचे सावकाश रिकामे होते अशा रुग्णांचा अपवाद असतो. समन्वयक सिस्टरनी आदल्या रात्री फोन करून वेळा सांगितल्या आणि एक गोष्ट दोनदा बजावली, ती म्हणजे कोरा चहा चालेल, दुधाचा चालणार नाही, कारण दूध पोटात जेवणासारखेच उशिरापर्यंत राहते. आपल्या घरांत ‘चहाच तर आहे’ म्हणून कपभर दुधाचा चहा देणारे कोणीतरी असतेच, आणि तेवढ्यावरून शस्त्रक्रिया पुढे ढकलावी लागते. ज्यांना मधुमेह नाही अशा रुग्णांना येथे शस्त्रक्रियेच्या दोन-तीन तास आधी साखरयुक्त पेय देतात, जेणेकरून शरीर उपाशी अवस्थेत ताणाला सामोरे जाऊ नये. बंधूंना मधुमेह असल्यामुळे त्यांना केवळ पाणी आणि बिनसाखरेचा कोरा चहा दिला. सगळ्यांना एकच पेला न देता रुग्ण पाहून निर्णय घेतला, हे मला योग्य वाटले.

शस्त्रक्रियेच्या दिवशीचे थोडक्यात सांगते, कारण थिएटरच्या दाराआड काय झाले ते मी पाहिलेले नाही. पोटावरचे केस क्लिपरने कापले. आमच्या वेळी आदल्या संध्याकाळी न्हावी येऊन वस्तऱ्याने पोट साफ करून जात असे. त्या बारीक ओरखड्यांत रात्रभर जंतू वाढतात, म्हणून ती पद्धत आता त्याज्य ठरली आहे. प्रतिजैविकाचे इंजेक्शन छेद घेण्याआधीच्या तासाभरात दिल्याची नोंद केसपेपरवर होती. बाहेर आणले तेव्हा बंधूंचे अंग उबदार होते, दात वाजत नव्हते, आणि त्यांच्या नाकातून जठरात घातलेली राईल्स ट्यूब नव्हती की पोटात साचलेले द्रव बाहेर नेणारी ड्रेनची नळी नव्हती. सलाईनही मोजकेच होते. पाण्याचा भार वाढला की आतड्यांना सूज येते हे खरे, पण फार हात आखडणेही बरे नव्हे. २०१८ मधील ३००० रुग्णांच्या अभ्यासात सलाईनवर कडक मर्यादा घातलेल्या गटात मूत्रपिंडाला इजा होण्याचे प्रमाण ८.६ टक्के, तर सढळ दिलेल्या गटात ५ टक्के निघाले. येथील भूलतज्ज्ञांनी मध्यम मार्ग धरला होता.

खरी कसोटी वॉर्डात लागते. संध्याकाळी बंधू पूर्ण शुद्धीवर येताच त्यांना घोटभर पाणी दिले, आणि रात्रीच्या आत खाटेच्या कडेला, मग खुर्चीत बसवले. दुसऱ्या दिवशी सकाळी लघवीची नळी काढली आणि पेज दिली. ‘वात सरला का?’ हा प्रश्न रोज राउंडच्या वेळी विचारायचा आणि उत्तर ‘हो’ येईपर्यंत रुग्णाला उपाशी ठेवायचे, हा ज्या वॉर्डाचा शिरस्ता होता तेथे माझी उमेद गेली. त्यामुळे पेजेचा वाडगा पाहून माझा जीव क्षणभर दचकला, हे लिहायला हरकत नाही. परंतु आतड्याच्या जोडावर लवकर खाण्याने ताण येतो ही भीती अभ्यासांत टिकलेली नाही, उलट पोटात थोडे अन्न गेले की आतडी लवकर जागी होतात. बंधूंनी पेज सावकाश, चमच्याने प्यायली आणि ती पोटात राहिली.

दुखणे आटोक्यात ठेवण्याची रीत हा या सेवेचा कणा आहे, आणि नेमका तेथेच मला तिचा कमकुवत सांधा दिसला. शस्त्रक्रियेच्या वेळी भूलतज्ज्ञांनी पोटाच्या भिंतीतील मज्जातंतूंभोवती बधिरतेचे औषध सोडले होते, आणि पुढे पॅरासिटामॉल दर सहा तासांनी, दुखो वा न दुखो, घड्याळाप्रमाणे द्यायचे होते. मॉर्फिनच्या जातीची औषधे हाताशी ठेवायची, पण गरज पडली तरच वापरायची. कारण ती दुखणे थांबवतात तशी आतडीही थांबवतात, शिवाय गुंगी आणि मळमळ आणतात. दिवसपाळीच्या सिस्टर दर वेळी विचारत असत, “काका, खोकताना किती दुखतं? शून्य ते दहात सांगा.” स्वस्थ पडलेल्या रुग्णाला विचारले तर तो ‘बरं आहे’ म्हणतो, खोकताना आणि उठताना किती दुखते, यावरच त्याचे चालणे आणि कफ काढणे अवलंबून असते. हा प्रश्न अशा रीतीने विचारलेला पाहून मला फार समाधान वाटले.

मग दुसऱ्या रात्री मध्यरात्रीनंतरचा डोस चुकला. सकाळी मी चार्ट पाहिला तेव्हा त्या वेळेचा चौकोन रिकामा होता. विचारल्यावर उत्तर मिळाले, “पेशंट झोपले होते, म्हणून उठवलं नाही.” त्या मुलीच्या मनात दयाच होती, यात शंका नाही. पण सकाळी उठताना बंधूंचा आकडा सातवर गेला. दुखते म्हणून ते खाटेवरून उतरेनात. चालले नाहीत म्हणून पोट फुगल्यासारखे वाटू लागले. पोट जड म्हणून न्याहारी नको झाली. आणि शेवटी त्या दिवशी जे औषध टाळायचे होते, ते मॉर्फिनच्या जातीचे ट्रामाडॉल द्यावे लागले, त्याने मळमळ सुरू झाली. सहा तासांच्या एका गोळीमागे आख्खा दिवस गेला. मी समन्वयक सिस्टरना हे सांगितले तेव्हा त्यांनी तत्काळ चार्टवर ‘झोपेतून उठवून द्यावे’ असा लाल शाईने शेरा लिहिला आणि पुढे डोस चुकला नाही. तरीही प्रश्न उरतो तो असा की, हा शेरा लिहिण्यासाठी त्या असाव्या लागतात. त्या एकट्याच आहेत, दिवसपाळीलाच असतात आणि रविवारी नसतात. कार्यक्रमाची माहिती वॉर्डातील प्रत्येक पाळीला, तात्पुरत्या नेमलेल्या सिस्टरनाही असायला हवी; ती एका व्यक्तीच्या डोक्यात राहिली, तर ती व्यक्ती घरी गेली की कार्यक्रमही घरी जातो. रुग्णालय निवडताना मी आता पहिला प्रश्न हाच विचारीन की, रात्री आणि सुटीच्या दिवशी हे कोण पाहते?

चालण्याची व्यवस्था विचारपूर्वक केलेली होती. कॉरिडॉरच्या भिंतीवर ठरावीक अंतरावर रंगीत पट्ट्या लावल्या आहेत, आणि रुग्णाच्या खाटेला अडकवलेल्या तक्त्यावर त्याने स्वतःच्या हाताने खुणा करायच्या असतात. शस्त्रक्रियेच्या दिवशी दोन तास आणि नंतर रोज सहा तास खाटेबाहेर, असे मूळ कार्यक्रमातील उद्दिष्ट आहे. सहा तास म्हणजे सहा तास चालणे नव्हे. खुर्चीत बसून जेवणे, पेपर वाचणे, नातेवाइकांशी बोलणे हेही त्यात धरतात. बंधू शेतकरी माणूस. हातात पेन्सिल देऊन ‘आज किती झाले ते तुम्हीच लिहा’ म्हटल्यावर त्यांना चेव आला. आपल्याकडे भेटायला येणारा प्रत्येक जण ‘अहो, झोपून राहा, विश्रांती घ्या’ असे प्रेमाने सांगतो, आणि सून-मुलगा खाटेवरच ताट-तांब्या आणून देतात. तेव्हा रुग्णाइतकीच नातेवाइकांचीही शिकवणी करावी लागते. पडून राहिल्याने स्नायू झपाट्याने झिजतात, पायांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो आणि फुप्फुसांच्या तळाशी कफ साचतो, हे भेटीच्या वेळांच्या फलकावर ठळकपणे लिहिले तर बरे होईल. कॉरिडॉरमध्ये नातेवाइकांची स्टुले आणि औषधांची ट्रॉली यांनी वाट अडते, सलाईनचा स्टँड घेऊन चालणाऱ्याला दर वेळी कोणीतरी बाजूला सरकावे लागते. ही त्रुटी विनाखर्च दूर होण्यासारखी आहे.

रुग्णालयाने दिलेल्या दोन वस्तूंविषयीही लिहिते, कारण त्या बिलात लागतात. तीन चेंडूंचा स्पायरोमीटर बहुतेकांनी पाहिलेला असतो. श्वास आत ओढला की ६००, ९०० आणि १२०० असे आकडे लिहिलेल्या नळ्यांतील चेंडू वर उचलले जातात. त्यावर आपला फार भरवसा आहे. प्रत्यक्षात पोटाच्या वरच्या भागातील शस्त्रक्रियांबाबत २०१४ मध्ये, वैद्यकीय अभ्यासांचे एकत्रित आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेने घेतलेल्या आढाव्यात, या उपकरणाने फुप्फुसांचे त्रास टळतात असे सिद्ध झाले नाही. मग ते फेकून द्यावे का? माझ्या मते नाही. रुग्णाला दर तासाला खोल श्वास घेण्याची आठवण राहते आणि तीनही चेंडू वर गेल्याचे समाधान मिळते. पण झटक्यात ओढून चेंडू टोकाला नेण्यापेक्षा एक-दोन चेंडू सावकाश वर धरून ठेवणे अधिक हिताचे आहे, आणि खोकणे व चालणे यांची जागा तो घेऊ शकत नाही. येथे तो दिला खरा, पण वापरायचा कसा हे वॉर्डात नव्हे, आधीच्या भेटीत शिकवले होते, हे चांगले. दुसरी वस्तू पोटाचा पट्टा. त्याने बंधूंना चालताना आणि खोकताना धीर आला. तो मापाने घ्यावा, बरगड्यांवर चढू देऊ नये, आणि झोपताना व जेवताना सैल करावा. फार आवळला तर खोल श्वासच घेता येत नाही. रुग्णालयाच्या दुकानात मधले माप संपले म्हणून मोठे देऊ लागले, ते आम्ही नाकारून बाहेरून योग्य मापाचा आणला.

जेवणाबाबत रुग्णालयाचे स्वयंपाकघर कार्यक्रमाच्या मागे पडते. जखम भरायला प्रथिने लागतात, हे आहारतज्ज्ञ सांगतात, आणि ट्रेमध्ये येतात ती बिस्किटे आणि गोड खीर, तीही मधुमेही रुग्णाला. संध्याकाळी लवकर जेवण आटोपते आणि नंतर भूक लागली तर काही मिळत नाही. शेवटी वहिनीने नातेवाइकांच्या घरून मऊ भात, मुगाचे वरण आणि अंड्याचा पांढरा भाग आणला. आधीच्या टप्प्यात इतकी काळजी घेणाऱ्या संस्थेने एवढी ढिलाई ठेवू नये.

घरी सोडण्याचा निर्णय दिवस मोजून नव्हे, निकष पाहून घेतला, ही मला अत्यंत महत्त्वाची गोष्ट वाटते. जेवण पचते आहे, दुखणे केवळ गोळ्यांवर थांबते आहे, ताप नाही, वात सरला आहे, स्वच्छतागृहात एकटे जाता येते, एवढे जमले तरच डिस्चार्ज. शिवाय रक्तातील सीआरपी, म्हणजे शरीरातील दाह दाखवणारे प्रथिन, तपासले. आतड्याचा जोड पाझरण्याचा धोका पहिल्या आठवड्यात असतो, आणि त्याची लक्षणे दिसण्याआधी हा आकडा अनेकदा वर जातो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी तो १५० च्या पुढे असेल, तर डॉक्टर रुग्णाला सोडण्याआधी पुन्हा विचार करतात. बंधूंचा आकडा खाली उतरत होता. लवकर घरी पाठवणे म्हणजे खाट रिकामी करणे, अशी शंका अनेक नातेवाइकांना येते. हे निकष त्यांना आधीच कागदावर दाखवले तर ती शंका राहत नाही. विम्याच्या कॅशलेस मंजुरीसाठी मात्र सकाळी ठरलेला डिस्चार्ज संध्याकाळी उशिरा झाला, आणि नुकतीच शस्त्रक्रिया झालेला माणूस दिवसभर कपडे घालून ताटकळत बसला.

लवकर घरी आलेल्या रुग्णासाठी दूरध्वनी हाच वॉर्ड असतो, आणि ही बाजू सर्वांत कच्ची आहे. दुसऱ्या दिवशी समन्वयक सिस्टरचा फोन आला, त्यांनी ताप, जेवण, जखम, चालणे सारे नीट विचारले. परंतु कार्डावर छापलेला चोवीस तासांचा क्रमांक स्वागतकक्षात वाजतो. एका रात्री बंधूंना उलटी झाली तेव्हा आम्ही तो लावला. पलीकडच्या माणसाने कोणत्या डॉक्टरांचे पेशंट एवढेच विचारले आणि सकाळी ओपीडीत यायला सांगितले. मी नाडी मोजली, ताप पाहिला, पोटावर हात ठेवून ते ताठ किंवा फुगलेले नाही याची खात्री केली, आणि रात्र जागून काढली. उलटी पुन्हा झाली नाही. ज्या घरात कोणी जाणकार नाही, त्यांनी काय करायचे? उलट्या थांबत नसतील, पोट फुगत असेल, दुखणे उतरण्याऐवजी चढत असेल, नाडी जलद झाली असेल किंवा ताप आला असेल, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठायचे असते, आणि हे सांगणारा माणूस शस्त्रक्रियेची माहिती असलेला असावा लागतो. माझ्या लेखी तक्रारीला व्यवस्थापनाने उत्तर दिले आणि हा क्रमांक रात्रपाळीच्या शल्यविभागातील डॉक्टरांकडे वळवण्याचे मान्य केले आहे.

खर्चाविषयी एवढेच की, कार्यक्रमाचे वेगळे शुल्क नव्हते. लोहाचे इंजेक्शन, फिजिओथेरपी, स्पायरोमीटर आणि पट्टा हे बिलात स्वतंत्र लागले, आणि मुक्काम कमी झाल्यामुळे खोलीचे भाडे वाचले. यातील बहुतेक गोष्टींना यंत्रसामग्री लागत नाही. कोरा चहा, क्लिपर, अर्ध्या तासाची शिकवणी, घड्याळाप्रमाणे गोळी आणि भिंतीवरच्या पट्ट्या जिल्हा रुग्णालयातही होऊ शकतात, आणि तेथील रुग्णांना त्यांची अधिक गरज आहे, कारण त्यांचा बुडालेला प्रत्येक दिवस रोजंदारीचा असतो.

एक शेवटची गोष्ट, जी घेणाऱ्यांनी आधीच विचारून ठेवावी. पोटातील कर्करोगाच्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर रक्त गोठू न देणारे इंजेक्शन घरीही एकूण २८ दिवसांपर्यंत रोज घ्यावे लागते. बंधूंच्या सुनेला ते डिस्चार्जच्या गडबडीत घाईघाईने दाखवले : बेंबीपासून दोन-तीन बोटे दूर, कातडीची घडी चिमटीत धरायची, सुई सरळ खुपसायची, सिरिंजमधला हवेचा बुडबुडा काढायचा नाही आणि नंतर जागा चोळायची नाही. ती धीट मुलगी आहे, तिने ते नीट केले. पण पहिल्या संध्याकाळी तिचा हात थरथरत होता, आणि वापरलेल्या सुया टाकायला रुग्णालयाने डबा दिला नसल्याने आम्ही जाड प्लास्टिकचा बरणीसारखा डबा वापरून तो पुढच्या तपासणीला परत नेऊन दिला. ही शिकवणीही फिजिओथेरपीप्रमाणे शस्त्रक्रियेआधीच्या भेटीतच, घरातील दोन माणसांना द्यावी आणि सुयांचा डबा औषधांसोबत मिळावा, असे मी अभिप्रायाच्या कागदावर लिहून दिले आहे.